दोन खिडक्यांची वीज

“गायला तोंड उघडण्याआधी गिटारच्या तारा माईकला टेकवून बघायच्या. आर्नीला विसरू देऊ नकोस,” ओडेलने मिरियमला बजावलं होतं. ओडेल बँडचा ड्रमर, शिकागोच्या दक्षिण भागातल्या ब्लूज गाण्यांच्या अड्ड्यांवर मुरलेला. जुन्या लोकांचा काहीतरी शकुन असेल, अशी समजूत करून घेऊन मिरियमने ते हसण्यावारी नेलं. तिचा नवरा आर्नी, बँडचा गायक आणि गिटारवाला, तर म्हणायचा की असले सोपस्कार म्हाताऱ्यांनी करावेत.

त्या रविवारी मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. तव्यावर कांदा आणि सॉसेज चरचरत होते. रेकॉर्ड कंपनीचा माणूस ऐकायला येणार म्हणून आर्नी कुठूनसा गिटारचा आवाज वाढवणारा आणखी एक दणकट अँप घेऊन आला होता. एरवी सगळ्यांसारखेच तेही एका घराच्या खिडकीतून वायर ओढून वीज घेत. आज एवढा भार एका घराला झेपेना. माईक जुन्याच खिडकीवर राहिला, गिटारच्या नव्या अँपची वायर शेजारच्या घरातून आली.

“अरे, शिकागो काय बहिरी झालीय?” ओडेलने टोमणा मारला.

“झाली नसेल तर आज होईल,” आर्नी म्हणाला.

आणि पहिलंच वाजवणं असं काही उसळलं की भाजीवाल्यांनी तराजू खाली ठेवले. ब्लूजचीच ती चाल, पण अशी धावत, अशी गुरगुरत या रस्त्याने ती ऐकली नव्हती. मिरियमही ठेक्यावर डोलायला लागली. कडेवर तिचा छोटा मुलगा जोएल, त्याच्या कानांत कापसाचे बोळे. तोही पाय उडवत होता. कंपनीचा माणूस मान डोलवायला लागलेला तिने टिपला.

आता आर्नी गाणार होता. एक हात गिटारच्या तारांवर ठेवून दुसऱ्याने माईक जवळ ओढताना त्याने तो हात झटकला, बोटं चोळली आणि हसून पुन्हा पुढे वाकला.

एवढंसंच. पण मिरियमचं लक्ष त्याच्या बोटांवर होतं. दोन घरं, दोन वायरी, आणि मधे आर्नी: हात एकीच्या तारांवर, ओठ दुसरीच्या माईकवर. ओडेलचे शब्द तिला झर्रकन आठवले. जोएलला छातीशी धरून ती धावली आणि तिने नव्या अँपचा प्लग उपटला.

गिटार मुकी झाली. लोक कुजबुजले. कंपनीच्या माणसाने घड्याळ पाहिलं.

“वेड लागलंय का तुला? आजच?” आर्नी खेकसला.

“आधी टेकवून बघ. मग काय बोलायचंय ते बोल.”

ओडेल उठून आला. त्याने प्लग परत लावला, गिटार लाकडाला धरून हातात घेतली आणि तारा माईकला टेकवल्या. तडकन निळी ठिणगी उडाली. आर्नी आपल्या ओठांवरून हात फिरवत राहिला. ओडेलने दोन पिनांचा तो प्लग उलटा करून बसवला, तारा पुन्हा टेकवल्या. काही झालं नाही.

“गा आता, बापमाणसा,” तो म्हणाला.

आर्नी जे गायला, त्याने खिडक्यांची तावदानं थरथरली. शिट्ट्या थांबेनात. घड्याळ बघणारा माणूस शेवटपर्यंत हलला नाही.

त्यांची पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा पाकिटामागे बँडचा इतिहास लिहायचं काम मिरियमकडे आलं. कोण कुठून आलं, सूर कसे जुळले, सगळं तिने झोकात लिहिलं. शेवटच्या ओळी मात्र तिने कुणालाही न विचारता घातल्या:

“तुमच्याही घरात वरच्या खोलीत कुणी गिटार जोडून गात असेल. रेकॉर्ड नंतर लावा. आधी वर जाऊन त्याने तारा माईकला टेकवून पाहिल्यात का, ते बघून या.”