गुंडीची खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. उंचीने म्हणाल तर मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढी, पण मला बघून भल्याभल्यांची बोबडी वळलेली आहे, हे आधीच सांगून ठेवते. तुम्हीही कदाचित मला मोठ्या पडद्यावर पाहिलं असेल आणि घरी जाऊन दिवा लावून झोपला असाल. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. का, ते ऐका.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात, उरल्यासुरल्या लाकडातून झाला. एका बालवाडीसाठी खुर्च्या करायच्या होत्या, त्यातली मी अगदी शेवटची. लाकूड संपत आलेलं, सुतार कंटाळलेला. त्यामुळे माझा मागचा एक पाय जरा ढिलाच बसला. वर लाल रंग फासला आणि झाली माझी पाठवणी.

बालवाडीतले दिवस सुखाचे होते. मुलं माझ्यावर बसत, उभी राहत, मला उलटी करून गाडी चालवत. एकाने तर माझी पाठ चावून पाहिली. मोठ्या माणसांची एक गंमत मला तेव्हाच कळली. मुलांना 'नीट बस' म्हणून ओरडतात आणि स्वतः टेबलाच्या कडेला टेकून पाय हलवत बसतात. पुढे तिथे प्लास्टिकच्या रंगीबेरंगी खुर्च्या आल्या आणि मी अडगळीत गेले. तिथून सिनेमाला सामान भाड्याने देणाऱ्या गोदामात. तिथे मी किती काळ धूळ खात पडले होते, ते मला विचारू नका.

एक दिवस गोदामात दिग्दर्शिका आल्या. सगळे त्यांना 'बाई' म्हणत. नक्षीदार खुर्च्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मला हाताने दाबून बघितलं. माझा ढिला पाय कुरकुरला.

"हीच हवी," बाई म्हणाल्या.

बाई भयपट काढत होत्या. गोष्ट साधी होती. एका घरात एक लहान मुलगी असते. ती ओरडत नाही, कुणाच्या अंगावर धावून जात नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवर येऊन बसते आणि ज्याच्याकडे बघून हसते, त्याचं काहीतरी वाईट होतं. ती बसली की खुर्ची कुरकुरते. म्हणून घरातली माणसं सतत कान टवकारून असतात. आवाज आला की खोली सोडून पळतात.

त्या मुलीचं काम करायला गुंडी आली. हे तिचं घरातलं लाडाचं नाव. दात पडलेला, गुडघे खरचटलेले, तोंडाची टकळी चालू. तिची आई इस्पितळात परिचारिका होती आणि बोलायला एकदम रोखठोक.

"ताई, माझी एकच अट आहे," ती बाईंना म्हणाली. "पोरीचं भूत करायचं नाही. तोंडाला पांढरं फासायचं नाही, डोळ्यांत भिंगं घालायची नाहीत. सिनेमा संपला की तिला शाळेत जायचंय. तिथे चेटकीण म्हणून तिच्या शेजारी कुणी बसलं नाही, तर मी काय करू?"

"शब्द दिला," बाई म्हणाल्या.

शब्द देऊन झाला, आता तो पाळायचा होता. सिनेमात पैसे घालणारे निर्माते, म्हणजे मोठे साहेब, सेटवर आले आणि गुंडीला बघून हिरमुसले.

"अहो बाई, हिला बघून मला बिस्किट द्यावंसं वाटतंय. हिला कोण घाबरणार? मला पांढरे डोळे हवेत!"

"मिळणार नाहीत."

"बरं. मग सिनेमा जोडून झाला की आधी मी बघणार. माझ्या अंगावर काटा आला तर ठीक. नाही आला, तर दुसरा दिग्दर्शक आणतो आणि भिंगं घालून सगळं पुन्हा करून घेतो. पोरीचा करार झालेला आहे, तिला यावंच लागेल."

"बघा आणि मग बोला," बाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या. त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. मला तेव्हापासून त्या आवडायला लागल्या.

गुंडीला भयपट कशाशी खातात तेच ठाऊक नव्हतं. बाईंनी तिला सांगितलं होतं, आपण पुतळा-पुतळा खेळतोय. समोरच्या काकूंच्या झग्यावरची फुलं मनातल्या मनात मोजायची, सगळी मोजून झाली की हसायचं. झालं! ती टक लावून मोजत बसायची आणि समोरची नटी घामाघूम व्हायची. कॅमेऱ्याला गुंडीची ती नजर दिसायची. मला तिच्या पोटातली गुडगुड ऐकू यायची.

शेवटचा मोठा प्रसंग राहिला होता आणि घोळ झाला. सेटवरचे सुतारकाका म्हणजे मायाळू माणूस. सुट्टीच्या दिवशी त्यांनी माझा पाय हलताना पाहिला, पोर पडेल या काळजीने गोंद भरला, पाचर ठोकली, स्क्रू आवळले. दुसऱ्या दिवशी गुंडी येऊन माझ्यावर बसली आणि मी गप्प.

"काका, खुर्चीला काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"घट्ट केली की! आता हत्ती बसू दे," काका छाती फुगवून म्हणाले.

आवाजाचं काम बघणाऱ्या दादांनी कपाळावर हात मारला. "अहो, ती कुरकुर म्हणजे सिनेमाचा जीव होता!"

काकांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी पाय सुटा करायची खटपट केली, पण गोंदाने चांगलाच धरला होता. शेवटी दादाच म्हणाले, "जाऊ द्या. जुना आवाज आहे माझ्याकडे, तो मागाहून घालतो."

"थांबा," म्हणत बाई माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "ही आलीय हे घरातल्यांना कशावरून कळतं?"

"खुर्चीच्या आवाजावरून," दादा म्हणाले.

"आणि आवाज आलाच नाही तर?"

काकांनी हळूच मागे वळून पाहिलं.

प्रसंग तसाच घेतला. घरातली बाई कोपऱ्याकडे पाठ करून कपड्यांच्या घड्या घालतेय. कान देऊन ऐकते, काही नाही. पुन्हा ऐकते, काही नाही. बऱ्याच दिवसांनी तिचा जीव भांड्यात पडतो. ती गुणगुणायला लागते, घडी ठेवायला वळते, तर गुंडी माझ्यावर बसलेली आहे. कधीपासून, कुणास ठाऊक.

मग साहेबांना सिनेमा दाखवायची वेळ आली. एका लहानशा खोलीत पडदा लावला होता. मंडळी जास्त झाली, खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा बाईंनी सामानातून मला ओढून आणलं आणि साहेबांच्या मागे माझ्यावर बसल्या. गुडघे हनुवटीला टेकलेले, हाताच्या मुठी आवळलेल्या. चेहऱ्यावर मात्र त्यांनी काही दिसू दिलं नाही.

साहेब सुरुवातीला फोन चाळत होते. हळूहळू फोन खिशात गेला. तो शेवटचा प्रसंग आला, पडद्यावरची बाई वळली आणि साहेबांना वाटलं, आपल्याही मागे कुणीतरी आहे. त्यांनी मान वळवली. अंधारात तीच लाल खुर्ची, आणि तिच्यावर कुणीतरी पाय मुडपून बसलेलं!

साहेब असे किंचाळले, की बाहेरचा पहारेकरी धावत आला.

दिवे लागले. "ही... ही खुर्ची इथे कुणी आणली?" साहेब घाम पुसत म्हणाले.

"भिंगांचं काय करायचं?" बाईंनी विचारलं.

"भिंगं-बिंगं राहू द्या! आधी ही उचला!"

सिनेमा आठवडाभर टिकला तरी पुष्कळ, असं सगळे म्हणत होते. तो चालतच राहिला. लोक मित्रांना घेऊन पुन्हा यायला लागले. मला चित्रपटगृहाच्या दाराशी मांडून ठेवलं होतं, आणि तिथेच एका दुपारी गुंडी आईचा हात धरून आली. तिला सिनेमा दाखवायचा नव्हता, बाईंना भेटायला आली होती. पण खेळ सुटला आणि लोकांचा लोंढाच बाहेर आला.

गुंडीच्या आईने तिला पदराआड घेतलं. बाई श्वास रोखून उभ्या.

त्या गर्दीतली एक बाई आपल्या मुलाला घेऊन आमच्यासमोर थबकली. गुंडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मुलाला झटकन मागे ओढलं. माझ्यापासून! मग वाकून तिने गुंडीचा गालगुच्चा घेतला. "तूच ना गं ती? किती छान काम केलंस! ती खुर्ची तेवढी भयंकर आहे बाई."

गुंडीच्या आईने पदर सोडला आणि ती तिथेच रडायला लागली. गुंडी तिला विचारत होती, "आई, कुठे लागलं?"

हल्ली मी बाईंच्या ऑफिसात असते. पाहुणे तासभर उभे राहतील, पण माझ्यावर टेकणार नाहीत. झाडू मारणाऱ्या मावशी मला हात न लावता लांबूनच फडकं झटकतात. वाईट वाटतं. खुर्चीला बसणारं माणूस लागतं, आणि मला तर लहान मुलांची सवय. पण मी हे मनाशी पक्कं करून घेतलंय. कुणीतरी भीतीदायक व्हायलाच हवं होतं, तर ते मी झाले, आणि पुढेही होईन.

परवा गुंडीच्या आईचा फोन आला होता. शाळेत गुंडीच्या शेजारी कुणी बसायचं यावरून दोन मुलींची जुंपली, शेवटी मास्तरांनी दोघींना दोन बाजूंना बसवलं. बाई फोनवर इतक्या हसल्या, की त्यांना बोलता येईना.

तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. ती पोर रस्त्यात दिसली तर तिला बघून बिचकू नका, बाजूला सरू नका. सिनेमा बघून भीती मनात राहिलीच असेल, तर ती माझ्या नावावर टाका. मी ती आयुष्यभर सांभाळीन.