दिवाणातला सूर

सासूबाई म्हणाल्या, "फ्रिज आज खाली उतरलाय." पुढच्या आठवड्यात फ्रिज बंद पडला.

घरातले मोजे कमी व्हायला लागले. एकेक नाही, जोडीने.

चष्म्याच्या दुकानात दिवसभर एकच प्रश्न चालतो. भिंत तीच, अक्षरं तीच, फक्त काच बदलते: "पहिलं बरं, की दुसरं?"

तपकिरी रंगाचा फायदा: तपकिरी वस्तूच्या जागी दुसरी तपकिरी वस्तू ठेवली तर कुणाच्या लक्षात येत नाही.

कानाच्या डॉक्टरने दोन्ही कानांत बॅटरी मारून पाहिली. "कान छान आहेत, आजी." "मग सूर कुठून येतो?"

गिऱ्हाईक "दोन्ही सारखंच" म्हणालं की चष्मेवाला मनातून सुटतो. दोन काचांत फरक दिसेनासा झाला म्हणजे नंबर सापडला, तपासणी संपली. पण लोकांना असं म्हणायची लाज वाटते. आपण नापास झालो असं वाटतं. मग काहीतरी ठोकून देतात: "दुसरं."

आता हे सगळं एकाच घरातलं आहे, म्हणून त्या घरात जाऊ.

पहिलं

चष्मेवाल्याच्या घरात गिटारी सात. अधिकृत आकडा, एक.

बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात स्टँड होता आणि त्यावर एक तपकिरी गिटार असायची. उरलेल्या सहा दिवाणाच्या पोटात. दर थोड्या दिवसांनी तो त्यांची अदलाबदल करायचा. बघणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्याकडे एकुलती एक गिटार आहे, किती जपतो!

त्याला येणारी गाणी दीड. दुसरं गाणं अर्ध्यावर अडायचं. पुढचं अर्धं नव्या गिटारीवर जमेल, अशी त्याची दर वेळी खात्री असायची. लाकडाचाच दोष, दुसरं काय! अशी प्रत्येक गिटार अर्ध्या गाण्यासाठी घरात आली आणि अर्ध्यावरच दिवाणात गेली.

मग सासूबाई कायमच्या राहायला आल्या. आयुष्यभर शाळेत गाणं शिकवलेलं. मिक्सर कुठल्या पट्टीत फिरतो यावरून त्याचं दुखणं सांगायच्या. आल्या आल्या शेजारच्या चार मुली गाणं शिकायला गोळा केल्या. सासूबाईंना झोपायला दिवाण दिला.

दुपारी आडवं होऊन गुणगुणायचं आणि गुणगुणता गुणगुणता झोपायचं, ही त्यांची सवय. पहिल्याच दुपारी त्या उठून बसल्या.

"अगं, मी थांबते, पण सूर थांबत नाही."

"म्हणजे?" बायकोने विचारलं.

"माझा 'सा' लावून झाला की मागून कुणीतरी 'सा' लावतं. आणि माझ्यापेक्षा लांब खेचतं."

चष्मेवाला जेवत होता. त्याला ठसका लागला.

तार तारेला ओळखते. खोलीत कुणी खणखणीत सूर लावला की त्याच सुरातली तार आपोआप थरथरते. दिवाणात तर छत्तीस तारा होत्या.

दुसरं

सासूबाई भाजी आणायला गेल्या तेव्हा त्याने दिवाण उघडून सगळ्या गिटारींच्या तोंडात मोजे कोंबले. दुपारी सासूबाई म्हणाल्या, "आज सूर येतोय, पण त्याला सर्दी झालीय."

मग त्याने तारा सैल केल्या. पूर्ण नाही. पूर्ण सैल केल्या तर गिटारीची मान वाकडी होते, हे त्याला दाढीवाल्याने सांगितलं होतं. (दाढीवाला म्हणजे गिटारच्या दुकानाचा मालक. चष्मेवाल्याच्या आयुष्यात देव, डॉक्टर आणि वकील एकच.) म्हणून अर्ध्याच सैल केल्या.

"वाढलंय," सासूबाई दुपारी म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "आता खालच्या पट्टीत आलंय. आणि बेसूर."

त्या दिवसापासून त्यांनी गुणगुणणं सोडलं. घर एवढं शांत झालं की फ्रिजचं दुखणंसुद्धा कुणी सांगेना.

पहिलं, पुन्हा

दाढीवाल्याचा फोन आला. "भाऊ, आठवी आलीय. तपकिरी. पाठीचं लाकूड एकाच झाडाचं. सोमवारपर्यंत थांबवतो, पुढचं तुझं नशीब."

सोमवारी चष्म्याचं दुकान बंद असायचं. चष्मेवाल्याने मनाशी ठरवलं, सासूबाईंना खरं सांगायचं. पण आठवी घरात आल्यावर. आधी सांगितलं तर आठवी येणार नाही. नंतर सांगितलं तर सातांचं जे होईल ते आठांचं होईल. यात त्याला काही चूक दिसेना. दिवसभर दुसऱ्यांचे नंबर काढणाऱ्याला स्वतःचं असंच दिसतं.

सोमवारी सकाळी सासूबाई चहा पिता पिता म्हणाल्या, "मुलींना आजपासून येऊ नका म्हणून सांगितलंय."

"आई!" बायको म्हणाली.

"ज्याच्या कानात खोटा सूर बसलाय त्याने दुसऱ्याला खरा शिकवू नये. उगाच चार पोरींचे गळे कशाला बिघडवू?" त्यांनी पिशवीतून नादकाटा काढला, लोखंडाचा, दोन पायांचा, शाळेपासूनचा. "जावईबापू, हा तुम्ही ठेवा. मला आता काय कामाचा? तुमच्या गिटारीला होईल."

गिटारीला. एकवचनी.

त्याने हात पुढे केला. पण द्यायच्या आधी सासूबाईंनी तो एकदा गुडघ्यावर आपटला, शेवटचा म्हणून कानाला लावला, आणि कानावर विश्वास बसेना म्हणून दिवाणाच्या फळीवर टेकवला.

दिवाण गरजला.

लाकडाने काट्याचा सूर उचलला, लाकडाकडून तारांनी. बेसूर, सर्दी झालेला, पण गरजला.

सासूबाई पांढऱ्या पडल्या. त्यांनी जावयाकडे पाहिलं. "तुम्हाला ऐकू आलं का हो? खरं सांगा."

'नाही' म्हटलं की संपलं. अकरा वाजता दाढीवाला, साडेअकराला आठवी. त्याच्या खिशातला फोनही त्याच वेळी थरथरायला लागला. त्याने तोंड उघडलं.

"आलं," तो म्हणाला. "आई, तुमचा कान ठणठणीत आहे. दिवाणात गिटारी आहेत."

"किती?"

"सहा."

सासूबाईंनी नादकाटा पुन्हा गुडघ्यावर आपटला, फळीवर टेकवला, डोळे मिटून ऐकलं. मग हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम थांबल्या.

"आणि तारा उतरवल्या कुणी? सहाच्या सहा बेसूर! लाज नाही वाटत?"

"माझे मोजे?" बायकोने विचारलं.

"त्यातच आहेत."

दुसरं, पुन्हा

बायको दुकानात गल्ल्यावर बसायची. तपासणीची सगळी पोपटपंची तिला पाठ होती. तिने कपाटातून तपासणीची जुनी फ्रेम काढली, ती गोल, जड, नाकावर ओझं होणारी. दोन्ही बाजूंना काळ्या चकत्या बसवल्या आणि नवऱ्याच्या नाकावर चढवली.

"दिसतंय?"

"काहीच नाही."

"छान. आई वाजवेल. ज्या ओळखशील त्या तुझ्या. नाही ओळखल्या तर नाही."

चष्मेवाला खुर्चीत ताठ बसला. हे म्हणजे हातचा मळ! प्रत्येकीवर त्याने अर्धं गाणं घालवलं होतं.

झंकार झाला. थोड्या वेळाने दुसरा.

"पहिली बरी, की दुसरी?" बायकोने हुबेहूब त्याच्याच आवाजात विचारलं.

"दुसरी," तो म्हणाला. "जरा उबदार आहे. ही मागच्या वर्षीची."

"ठीक. आता? दुसरी, की तिसरी?"

"तिसरी. खर्ज बघ कसा मऊ आहे. जुनं लाकूड."

"तिसरी, की चौथी?"

"चौथी," तो म्हणाला. आपण जराशा घाईने बोललो, हे त्याचं त्यालाच ऐकू आलं होतं. आजवर खुर्चीत बसून घाबऱ्या आवाजात "दुसरं, दुसरं" म्हणणारी सगळी गिऱ्हाइकं त्याला आठवली.

"नक्की?"

"थोडी... चौथीच."

"चकत्या काढ."

सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर स्टँडवरची गिटार होती, सगळ्यात जुनी, कडेला तडा गेलेली, पहिली. दिवाण बंद होता. वर चहाच्या कपबशा तशाच. कुणी उघडलाच नव्हता.

"खर्ज मऊ होता म्हणे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, राहू दे," बायको म्हणाली. "गिऱ्हाईक आहे. लाजतंय."

दोन्ही

तरी तो दाढीवाल्याकडे गेला. जुनी गिटार खांद्याला, म्हणजे तडा गेलेली. बायकोने अडवलं नाही.

"आलास!" दाढीवाला म्हणाला. "ही बघ, डोळे फिरतील."

"बघत नाही. मी पाठ करून उभा राहतो. तू आधी ही वाजव, मग ती. की आधी ती, मग ही. मला सांगू नकोस."

"भाऊ, बरं आहे ना?"

"वाजव रे."

दाढीवाल्याने वाजवली. मग दुसरी वाजवली. "पहिली, की दुसरी?"

जिभेच्या टोकावर 'दुसरी' येऊन बसली होती. चांगली पाय पसरून. चष्मेवाल्याने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर आणखी पंधरा गिटारी होत्या, त्यांत दोन तपकिरी. त्याला भयंकर लाज वाटली, नापास झाल्यासारखी.

"दोन्ही सारख्याच," तो म्हणाला.

"अरे, नीट ऐक की!"

"नीटच ऐकलं." आणि बोलल्याबरोबर त्याला ते हलकं वाटणं ओळखीचं वाटलं. हे त्याने रोज गिऱ्हाइकांबरोबर खुर्चीच्या पलीकडून अनुभवलं होतं. "संपली तपासणी. अरे, सहा गिटारी आहेत घरी. त्या घेणार का परत?"

दाढीवाल्याने खिन्नपणे वही उघडली आणि हात लांबवर नेऊन भाव वाचायला लागला.

"हात अजून किती लांब करशील?" चष्मेवाला म्हणाला. "उद्या दुकानात ये."

(दाढीवाल्याकडे आता चष्मे तीन आहेत. एक वाचायचा, एक लांबचा, आणि तिसऱ्याबद्दल तो म्हणतो, "त्यात अक्षरं जरा उबदार दिसतात.")

गिटारी पाच गेल्या. स्टँडवर जुनी राहिली. दिवाणात एक राहिली, सासूबाईंनी अडवून धरली म्हणून.

"सोबत वाटते हो," त्या म्हणाल्या. "पण सुरात हवी. आणि मोजे काढा."

आता दर रविवारी चष्मेवाला दिवाण उघडून आडवा होतो आणि सासूबाई वरून "चढव, अजून चढव, बास" म्हणत राहतात. चारही मुली परत यायला लागल्या. दुसरं गाणं अजून अर्धंच आहे, तडा गेलेल्या गिटारीवर, त्याच जागी अडतं. मधूनमधून तो फोनवर गिटार खांद्याला अडकवायच्या पट्ट्यांची चित्रं बघतो. बायको मागून येऊन नुसती विचारते, "पहिला, की दुसरा?" आणि तो फोन बंद करतो.

दिवाण बनवायला दिला होता तेव्हा सुताराने विचारलं होतं, आत मधोमध फळी घालू का. बायको म्हणाली होती, "नको. गिटारी मावल्या पाहिजेत."