बुटक्याच्या शर्टाचा रंग

एक टीव्ही अकरा वर्षं बंद झाला नाही, असं मी सांगितलं की लोक एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत. माझ्या तोंडून आजवर जे जे बाहेर पडलंय ते बघता त्यांचं चुकत नाही. पण हा टीव्ही मी माझ्या हाताने सांभाळलेला आहे. माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान तळमजल्यावर, आणि बरोबर डोक्यावर दादांचं घर. दादा म्हणजे बसचे कंडक्टर. निवृत्त झाल्यावरही माणूस जिन्यात भेटला की "पुढे सरका" म्हणायचे.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत तो टीव्ही, आणि त्याला जोडलेला व्हिडिओ गेमचा डबा. डबा इतका तापायचा, की गल्लीतली मांजरं थंडीत त्याच्यावर झोपायला नंबर लावायची. एकदा दोन दिवस वीज नव्हती. मी ट्रकच्या बॅटऱ्या आणून जोडल्या, त्याही उतरल्या, तेव्हा दादांनी सायकल उलटी करून डायनॅमो लावला आणि आम्ही दोघांनी आळीपाळीने हाताने पेडल फिरवलं. माझ्या डाव्या हाताचा कोपर तेव्हापासून सरळ होत नाही. डॉक्टर म्हणतात सांधेदुखी आहे. म्हणू देत.

पडद्यावर एक विहीर होती, आणि विहिरीवर हवेत लटकलेला बुटक्या. हातभर उंचीचा नव्हे हो, बोटभर! चौकोन चौकोन जोडून केलेला. खेळ सुरू करताना त्याला टोपी, शर्ट, बूट आपल्या आवडीच्या रंगाचे चढवायचे आणि मग विहिरींवरून उड्या मारायला लावायचं. डबा बंद केला की सगळं पुसलं. त्या काळातल्या डब्यांना आठवण नावाची वस्तूच नव्हती.

हा बुटक्या दादांच्या मुलीने रंगवलेला. चोवीस वर्षांची, औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, आणि घरी आली की आधी खेळ, मग चहा. त्या दिवशी अर्ध्या उडीत तिने तो थांबवला, पायात चप्पल सरकवली आणि "आलेच" म्हणून खाली गेली. कोपऱ्यावर पाण्याचा टँकर मागे येत होता.

मुलीची आई, म्हणजे आमच्या वहिनी, वेड्या नव्हत्या, हे आधीच सांगतो. मुलीला पोचवून आल्या, तिचे कपडे वाटले, तिची खाटसुद्धा देऊन टाकली. फक्त डबा बंद करू दिला नाही. कोणी विषय काढला तर एवढंच म्हणायच्या, "ती आलेच म्हणून गेलीय. मी कशाला बंद करू?"

अकराव्या वर्षी पडद्यावरच्या विहिरीत गुलाबी चौकोन उमटायला लागले. मी डबा कानाला लावला, हुंगला, आणि खोटं बोलायची इतकी सवय असूनही खरं सांगितलं.

"वहिनी, चिप चाललीय. महिना. ढकलत ढकलत दोन."

"बदला मग."

"बदलली की बुटक्या गेला."

तिथे आली आत्या. दादांची धाकटी बहीण, म्हणून मुलीची आत्या, आणि म्हणून अख्ख्या गल्लीची आत्या. तिचा धंदा ऐकून आधी मलाही हसू आलं होतं. जुन्या व्हिडिओ गेममधली चित्रं ती ग्राफच्या कागदावर उतरवायची आणि त्यावरून लोक क्रॉस स्टिच करायचे. पडद्यावरचा एक चौकोन म्हणजे कागदावर एक चौकोन, म्हणजे मॅटीच्या कापडावर एक फुलीचा टाका. प्रत्येक रंगाला एक खूण: ठिपका, त्रिकोण, चांदणी. गिऱ्हाईक म्हणजे पन्नाशीचे टकले. लहानपणी हरलेल्या राक्षसाचं चित्र हातात घेऊन ते तिच्या दारात मुसमुसायचे.

आधी तिने फोनवर फोटो काढला होता. फोटोत आडवे काळे पट्टे आले, आणि वहिनींनी तोही पुसायला लावला. "फोटो काढला म्हणजे संपलं."

"वहिनी, मग टाक्यात घेऊ," आत्या म्हणाली. "एकेक चौकोन. ती आलीच, तर मध्येच थांबता येईल."

वहिनींनी सुयांचा डबा काढला.

आत्या नकाशा काढायची आणि वहिनी टाके घालायच्या. झालेल्या चौकोनावर पिवळ्या पेन्सिलीने आडवी रेघ, म्हणजे मोजणी चुकत नाही. आकाश झालं, विटा झाल्या, विहीर झाली. "बुटक्याला शेवटी, वन्सं," वहिनी म्हणायच्या. "तोवर खेळ चालूच आहे असं समजू." मी रोज वर जाऊन डब्याला पंख्याचा वारा घालायचो. दादा मात्र अकरा वर्षं त्या टीव्हीकडे पाठ करून जेवत आले होते. ते टाक्यांच्या जवळही फिरकायचे नाहीत.

शेवटी एका दुपारी आत्याने बुटक्याचा नकाशा काढला. वेगळा कागद, सोळा चौकोन उभे, सोळा आडवे. वहिनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, आणि कापड पिशवीत घेऊन. रांगेत बसल्या बसल्या उरलेल्या विटा भरायच्या म्हणून. मी डब्याशी. आत्या आत हात धूत होती.

अकरा वर्षांत पहिल्यांदा दादा टीव्हीसमोरच्या टेबलापाशी आले. कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला.

"बुटक्या झाला का गं?"

"झाला एकदाचा!" आत्या आतून ओरडली.

दादांनी खिशातलं काळं मार्कर काढलं. मी बघत होतो, पण मला वाटलं खाली तारीख घालतायत. कंडक्टर माणूस, जन्मभर झालेल्या स्टॉपवर खूण करत आलेला. त्यांनी एकेका चौकोनावर, मान खाली घालून, काळजीपूर्वक, जाड फुली मारली. बायकोला उद्या मोजायला सोपं जावं म्हणून. एकही सोडला नाही. बोटाने कागद सपाट केला आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले. चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं समाधान.

आत्या हात पुसत बाहेर आली.

"दादा! हे काय करून ठेवलंस?"

"झालेल्याला फुली मारली. तुम्ही खुणा करता ना?"

"आम्ही रेघ मारतो! पिवळी! माझ्या नकाशात फुली म्हणजे काळा! अख्खा काळा केलास की रे त्याला! खालची एकही खूण दिसत नाही!"

"तू म्हणालीस, झाला."

"काढून झाला! टाके कुठे झालेत अजून?"

मार्करचं टोपण दादांना लावता येईना.

नेमक्या तेव्हा वहिनी दारात. डोळ्यांत औषध घातलेलं, बाहुल्या मोठ्या झालेल्या, भिंत चाचपत आल्या. काय झालं ते त्यांनी ऐकलं होतं. पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, "वन्सं, नवा कागद घ्या. पडदा आहे ना अजून? मला नीट दिसत नाहीये. तुम्हीच बघा, तुम्हीच काढा."

आत्या काचेला नाक लावून बसली. टोपीच्या तीन ओळी झाल्या. चौथीचा पहिला चौकोन मोजताना विहीर हिरवी झाली, आकाश हिरवं झालं, डब्यातून जळक्या केसांसारखा वास आला. मी दोन्ही हातांनी त्याच्यावर थापा मारल्या, शिव्या घातल्या, वायर उपटून परत खोचली. शून्य.

अकरा वर्षं तेच चित्र तापलेलं असल्यामुळे बुटक्याचा आकार मात्र काचेत जळून बसला होता. करडा. टोपी, हात, उडीतले पाय, सगळं. रंग तेवढे नव्हते.

"शर्ट लाल होता," वहिनी म्हणाल्या.

"लाल नव्हता हो वहिनी, नारिंगी. नाही... त्रिकोण होते एवढं आठवतं. त्रिकोण मी कशाला दिला होता?" आत्या स्वतःच्या कपाळावर बुक्क्या मारत होती. "मी रंग बघतच नाही, खुणा बघते. रंग बघितला की मोजणी चुकते."

"तुम्ही तिच्याबरोबर खेळायचात!"

"आणि तुम्ही अकरा वर्षं समोर बसला होता!"

आता माझं ऐका. बाकी कथेला मी पदरचं तिखटमीठ लावलं असेल, याला लावलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी त्या टीव्हीचा लाल रंग मेला होता. वहिनी तेव्हा आठवडाभर तापाने आत पडून होत्या. मी मागचं झाकण उघडून स्क्रू फिरवले आणि रंग अंदाजाने बसवले. बरा दिसतोय, म्हटलं, आणि झाकण लावलं. तिने निवडलेले रंग काय होते ते मला ठाऊक नव्हतं. सहा वर्षं वहिनी बघत होत्या ते माझे रंग. आत्याने वाचवलेली ती तीन ओळींची टोपी, तीही माझीच.

हे मी तेव्हा बोललो नाही. नंतरही नाही.

चार दिवसांनी वहिनींनी मला वर बोलावलं. कापड रिंगात ताणलेलं. विहीर, विटा, आकाश, आणि हवेत नुसती टोपी. टोपीखाली कोरं कापड. त्यांनी माझ्यासमोर दोऱ्याच्या लड्या मांडल्या.

"मिस्त्री, आम्हा तिघांचं जमत नाहीये. तुम्ही त्याच्या आत हात घातलेला माणूस. तुम्ही म्हणाल तो. शर्ट कुठला?"

आत्या माझ्याकडे बघत होती. दादा खुर्चीत, पहिल्यांदाच टीव्हीकडे तोंड करून.

आयुष्यभर मी खोटं मजेसाठी बोललो होतो. त्या दिवशीचं मजेसाठी नव्हतं.

"निळा," मी म्हणालो. निळी लडी माझ्या हाताच्या सगळ्यात जवळ होती.

वहिनींचा चेहरा असा सैल पडला, की मला तिथून उठावंसं वाटलं. "निळाच. बघा ना वन्सं. निळा तिला आवडायचाच." आत्याने हळूच मान डोलावली. "आणि बूट?"

"पिवळे."

त्यांनी सुई ओवली.

दादा मला सोडायला जिन्यापर्यंत आले. कधी येत नसत. कठड्याला धरून दोन पायऱ्या खाली उतरले आणि थांबले.

"पिवळे नव्हते," ते म्हणाले.

"मग कोणते होते?"

वर दार उघडं होतं, कात्रीने दोरा कापल्याचा आवाज आला.

"आठवत नाही," ते म्हणाले. "पण पिवळे नव्हते."