चानपेंगला हाक

कँटीनमागच्या चिंचेखाली खामपान चटई टाकून बसला होता. पुढ्यात चिकट भाताची टोपली, उकडलेलं अंडं आणि पांढऱ्या दोऱ्याची गुंडी. पहारेकऱ्याने त्याला हाकललं नाही, कारण त्याची लेक ओराथाई इथल्याच प्रयोगशाळेत डॉक्टर होती.

तिची आई चानपेंग चिखलातल्या तापाने गेली. भातलावणीत टाचेच्या भेगेतून जंतू शिरला आणि बघता बघता बाई हातची गेली. तिच्या रक्तातून वाढवलेला जंतू मात्र इथल्या फ्रीजरमध्ये एका नळीत अजून जिवंत होता. ओराथाई हे एकदा बोलून बसली आणि म्हाताऱ्याने धरूनच ठेवलं: चानपेंगचं ख्वान, तिचा जीवात्मा, तिथेच अडकलंय. भेदरलेलं ख्वान अंग सोडून भटकतं, त्याला भात-अंडं मांडून हाक मारावी लागते आणि दोऱ्याने बांधून घरी आणावं लागतं, हे थायलंडच्या इसान भागातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि आता जुने नमुने जाळणार असल्याची बातमी गावाच्या भोंग्यावरून सगळ्यांनी ऐकली होती.

“पो, आधी जेवून घ्या,” ओराथाई बापाला म्हणाली.

“तुझ्या आईला पंखासुद्धा सोसत नव्हता गं. आणि तू तिला बर्फात ठेवलीस! बरं, नळी नको देऊस. कुठल्या बाजूला आहे तेवढं सांग. तिकडे तोंड करून हाक मारतो.”

“नाही सांगता येत.”

“बापालासुद्धा?”

“कुणालाच. वाईट माणसाच्या हाती तो जंतू लागला तर किती जीव जातील! जागा घरच्यांनाही सांगायची नाही, असा शब्द दिलाय मी.”

“मी काय चोर वाटलो तुला? म्हशीचं दावं सुटलं तरी मला धावता येत नाही!”

“चोर नाही हो. पण दोन घोट पोटात गेले की साऱ्या गावाला सांगाल.”

म्हातारा हसला. ते त्याला खोटं म्हणता येईना.

ओराथाईलाही आई हवी होती. फ्रीजरच्या खोलीच्या दारावरून जाताना रोज तिचे पाय रेंगाळत. एकदाच ती नळी ओंजळीत धरावी, असं तिला फार वाटे. पण आत एकटीने जायची मुभा तिलाही नव्हती.

खामपानने अंदाजाने चटई फिरवली आणि नेमकी त्या खोलीकडे पाठ केली.

“बरोबर बसलोय ना?”

ओराथाईचा जीव तीळ तीळ तुटला. मान हलवली तरी ते सांगितल्यासारखंच होतं.

“हाक मारा, पो. मोठ्याने मारा.”

“चानपेंग, ये गं! भात निवतोय, घरी ये!” म्हाताऱ्याने कँटीनच्या भिंतीला हाक घातली.

ओराथाई त्याच्या शेजारी बसली, खोलीकडे तशीच पाठ करून, आणि त्याच भिंतीकडे बघत तिनेही आईला हाक मारली.