पंधरा मिनिटांची शिवण

वादळाने विजेचे खांब आडवे केले, त्याला तीन दिवस झाले. मदत केंद्राने शिंप्याला पेडल मारून वीज करायचं यंत्र दिलं. पाय चालू, तर डब्यावरचा हिरवा दिवा चालू. दिवा चालू, तर सासूबाईंचं वाफेचं मशीन चालू. औषधाची वाफ दिवसातून चारदा, सलग पंधरा मिनिटं घ्यायची. नाहीतर म्हातारीचा श्वास कोंडणार.

"तीस वर्षं पायमशीन हाणलंय," तो तिथल्या माणसाला म्हणाला होता. "हे म्हणजे डाव्या पायाचा मळ."

पण त्या दुपारी दर दोन मिनिटांनी पाय आपोआप थांबू लागले. दिवा विझला. सासूबाईंनी मास्क बाजूला केला.

"जावईबापू, डोळा लागला की काय?"

"नाही हो, आई. शिवण संपली की थांबायचं, कापड वळवायचं. पायांना तेवढंच ठाऊक."

"मग लांब... काहीतरी शिवा की."

त्याने मनातल्या मनात तंबू शिवायला घेतला. एक बाजू साठ फूट. वीस फुटांवर पाय पुन्हा थांबले. म्हातारीच्या छातीत शीळ वाजत होती, ओठ काळवंडले होते.

"आता काय?"

"तंबू एकट्याने होत नाही. पलीकडून कापड ओढायला माणूस लागतं. ती ओढायची."

म्हातारीची लेक वारल्यापासून चार महिन्यांत तिचा विषय दोघांपैकी कोणी काढला नव्हता. सासूबाईंनी उशाची चादर ओढली, तिच्या दोन टोकांची गाठ मारली आणि ते वेटोळं त्याच्या हातात दिलं.

"घ्या. याला... टोकच नाही. चला."

मास्क चढला. तो पेडल मारत चादर पुढे सारू लागला. त्या ओढून खालून परत पाठवू लागल्या. पोटऱ्या भरून आल्या, पाठ मोडून आली, पण दिवा विझला नाही.

मास्कमधून घोगरा आवाज आला. "ती कशी ओढायची?"

"जोरात. शिवण वाकडी व्हायची. मी ओरडायचो."

म्हातारीने एक हिसका दिला. तो ओरडला नाही.

औषध संपलं. सासूबाईंनी मास्क काढला आणि एका दमात म्हणाल्या, "संध्याकाळी पुन्हा आहे, तोवर जरा पाय लांब करून पडा."

तो तिथेच जमिनीवर आडवा झाला.