उत्तरं जुळत नाहीत

कॅज्युअल्टीच्या मुख्य सिस्टरांना कागदी घोडे नाचवणाऱ्यांचा मनस्वी कंटाळा होता. त्यामुळे साथीच्या तिसऱ्या महिन्यात वरून पाठवलेला गणितवाला लॅपटॉप घेऊन ड्रेसिंगच्या खोलीत आला, तेव्हा त्यांनी आधी त्याला मास्क नीट लावायला लावला आणि मग स्टूल दिलं.

त्याची पद्धत साधी होती. दोन-दोन गोष्टी समोर ठेवायच्या आणि जास्त वजन कशाला ते सांगायचं. घटलेला ऑक्सिजन की वय? वय की रुग्ण इस्पितळाचाच कर्मचारी असणं? त्यावरून मशीन प्रत्येकाला गुण देणार आणि दारातून आधी कोण आत जाणार ते ठरणार. सिस्टरांनी भाजी निवडावी तशी भराभर उत्तरं दिली. मशीन अडलं.

"सिस्टर, उत्तरं जुळत नाहीत. ऑक्सिजन वयापेक्षा मोठा, वय कर्मचाऱ्यापेक्षा मोठं. मग कर्मचारी ऑक्सिजनपेक्षा मोठा कसा?"

"आमच्या घरी तसंच आहे. नवरा माझं ऐकतो, मी सासूबाईंचं, सासूबाई त्यांच्या लेकाचं. बावीस वर्षं सुरळीत चाललंय."

तो हसला. मशीन हसेना. बाहेर रांग फाटकापर्यंत गेलेली, वाद घालायला वेळ कुणाला होता? सिस्टरांनी तिसरं उत्तर फिरवलं. कर्मचारी खाली गेला आणि मशीनचं समाधान झालं.

खोटं कशाला बोला, यादीने काम केलं. तीन-तीन तास ताटकळणारी माणसं पाऊण तासात आत जाऊ लागली. ओळखीपाळखीचे फोन बंद झाले.

सोळाव्या दिवशी दुपारी मामा स्ट्रेचरवरून आले. स्ट्रेचर ओढत नव्हे, त्यावर झोपून. एकोणीस वर्षं हेच काम करणाऱ्या या वॉर्डबॉयला सगळं इस्पितळ मामा म्हणायचं. जोडीचे दोघे आजारी पडल्यापासून ते एकटेच ओढत होते. आत तीन खाटा रिकाम्या होत्या, यादीत मामा तिसरे. दारातले दोन्ही सिलिंडर पहिल्या दोघांना लावलेले.

ड्यूटीवरची डॉक्टर हळूच म्हणाली, "सिस्टर, एकच आकडा बदलायचाय. कुणाला कळणार नाही."

सिस्टरांनी दाराकडे पाहिलं. पहिल्या स्ट्रेचरवर कुणाची तरी आई होती, डोळे मिटून पडलेली.

"नको. यादी म्हणजे यादी."

मामांनी डोळे उघडले. "सिस्टर, कितवा नंबर माझा?"

"तिसरा, मामा."

"बरं." त्यांनी दम घेतला. "मग पहिल्याला आत कोण नेणार?"

हा प्रश्न मशीनला कुणी घातलाच नव्हता. नातेवाइकांना मज्जाव होता, बाकीच्यांचे हात आत अडकलेले, डॉक्टरला रांग सोडता येत नव्हती. पहिलं स्ट्रेचर सिस्टरांनी स्वतः ओढलं. चढ, वळण, मग अडकणारं दार. मामांना चार मिनिटं लागत, त्यांना अकरा लागली. दुसऱ्या खेपेला त्याहून जास्त.

सिस्टर परतल्या तेव्हा मामांनी आपल्या स्ट्रेचरचा ब्रेक सोडून ठेवला होता, सिस्टरांचे श्रम वाचावेत म्हणून. हात तिथेच लोंबत होता. डॉक्टरने बराच वेळ छाती दाबली, मग थांबली.

तिसरं उत्तर आपण आधी कर्मचाऱ्याच्या बाजूने का दिलं होतं, ते सिस्टरांना आता कळलं आणि स्वतःची भयंकर चीड आली. त्यांनी केसपेपर भरायला घेतला. प्रतीक्षेच्या रकान्यात सव्वीस मिनिटं लिहिली. त्या दिवसातली ती सगळ्यात कमी होती.