इमोजीन टॉलिव्हरचं मागणं

इमोजीन टॉलिव्हर पडद्यावर किती वेळा मेली, हे मोजायचं आमच्या मेकन गावातल्या बायकांनी कधीच सोडून दिलं होतं. कधी हॉस्पिटलच्या खाटेवर, कधी नवऱ्याच्या गोळीनं, एकदा तर चक्क अवकाशयानात. त्याआधीची कित्येक वर्षं ती नुसती दारं उघडायची. "या मॅडम, कॉफी आणू का मॅडम," एवढं म्हणायचं आणि ट्रे घेऊन चालतं व्हायचं. मग नर्स झाली. मग न्यायाधीश झाली, कारण न्यायाधीशाला झगा चढवला की भागतं, वाक्यं द्यावी लागत नाहीत. मग एका सिनेमात तिला विधवेचं काम मिळालं, जेमतेम चार प्रसंगांचं, आणि त्या चार प्रसंगांत बाईनं असं काही करून दाखवलं की त्या वर्षीचा सगळ्यात मोठा पुरस्कार घेऊन घरी आली. बरं, पुरस्कारानंतर काय मिळालं? आणखी तीन विधवा. त्या लोकांची डोकी चालतात ती अशी.

आणि आता साठी उलटल्यावर पहिल्यांदा अख्खा सिनेमा तिच्या खांद्यावर आला होता. गोष्ट जुन्या काळातली, अमेरिकेतल्या आमच्याच जॉर्जिया राज्यातली. लव्ही नावाची शाळेत स्वयंपाक करणारी बाई. गोऱ्या अधिकाऱ्यांनी काळ्या मुलांच्या शाळेला कुलूप ठोकलेलं. लव्ही रविवारी भर प्रार्थनेत उभी राहते आणि चर्चकडं मागणं मागते, तळघरातला हॉल द्या, मुलं तिथं शिकतील. आणि चर्च घाबरून नाही म्हणतं. पुढचा सगळा सिनेमा त्या नकारातून निघतो. म्हणजे लव्हीचं ते भाषण हाच सिनेमाचा कणा होता, आणि भाषण म्हणाल तर सलग दोन पानांचं. इमोजीननं ते आंघोळ करताना, भाजी चिरताना, विमानात शेजारच्या माणसाची झोपमोड करत पाठ केलं होतं.

हा प्रसंग आपल्या लहानपणीच्या माउंट नेबो चर्चमध्येच व्हायला हवा आणि बाकांवर तिथलीच माणसं हवीत, असा हट्टही तिनंच धरला होता. दिग्दर्शक ऑरिन फेल्प्स पोरसवदा आणि गुणी मुलगा, रंगानं आपल्यासारखाच काळा, पण वाढलेला सिअ‍ॅटलला. चर्चशी त्याचा संबंध ईस्टरला नवे बूट घालण्यापुरता. तो हो म्हणाला. पास्टर स्टोव्हॉलही हो म्हणाले, पण एका अटीवर. शनिवार तुमचा, रविवार देवाचा. त्यात बदल नाही.

शनिवारी सकाळी सगळं चर्च नटूनथटून हजर. सिनेमावाल्यांनी जुन्या पद्धतीच्या टोप्यांची पेटी आणली होती. स्वागत मंडळाच्या प्रमुख सिस्टर पिंकनी यांनी त्या पेटीत एकदाच डोकावून पाहिलं.

"हे काय आहे?"

"त्या काळातल्या टोप्या, मॅडम," वेशभूषेची मुलगी म्हणाली.

"त्या काळात आमच्या आज्या असलं काही डोक्यावर घालून देवासमोर गेल्या असत्या, तर देवानंच तोंड फिरवलं असतं. झाक ती पेटी, बाळ." आणि सगळ्या बायका घरून आणलेल्या आपापल्या टोप्या घालून बसल्या. पहिल्या बाकावर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, हातात काठी घेऊन, मदर कॅली टॉलिव्हर. चर्चची माता, म्हणजे तिथली सगळ्यात मानाची म्हातारी, आणि इमोजीनची आई.

या आईबद्दल सांगायलाच हवं. तिनं मुलीचा एकूण एक सिनेमा पाहिला होता, काही तर तीनतीनदा, टीव्हीशी मोठमोठ्यानं भांडत. पण "छान केलंस" हे दोन शब्द तिच्या तोंडून इमोजीननं आजवर ऐकले नव्हते. पुरस्कार मिळाला त्या दिवशी आईचा फोन आला आणि इमोजीननं तो पहिल्या घंटेलाच उचलला. आई म्हणाली, "तो केसांचा टोप कुणी दिला तुला? त्याला धर आधी." साठी उलटली तरी इमोजीनला ते लागायचं. खोटं कशाला बोला.

काम सुरू झालं. इमोजीन उभी राहिली, पहिलं वाक्य बोलली, आणि मागून सिस्टर पिंकनींचा आवाज आला, "बोल, बाई." चर्चचे जुने कारभारी डीकन हबर्ड म्हणाले, "खरंय." कुणी हुंकार भरला, कुणी हातातला पंखा आपटला.

"कट," ऑरिन म्हणाला. तो हात जोडल्यासारखं करत पुढं आला. "फार छान, पण तुमचा आवाज मिस टॉलिव्हरच्या आवाजावर पडतोय. मग ते वेगळं करता येत नाही. शिवाय गोष्टीत हे लोक घाबरलेले आहेत. तेव्हा एकदम शांत राहायचं, बरं का?"

मेकनची माणसं शब्दाची पक्की. शांत म्हणजे शांत. पुढच्या वेळी कुणी पापणीसुद्धा हलवली नाही.

आणि इमोजीनचं तिथंच बिनसलं. आमच्या चर्चमध्ये बोलायला उभ्या राहणाऱ्या माणसानं निम्मंच ओझं उचलायचं असतं, उरलेलं बाकांवरची माणसं उचलतात. तिथं शांतता पसरली तर तिचा अर्थ एकच, तुझं बोलणं कुणाच्या काळजाला शिवत नाही, बस खाली. हे ती शाळेत जायच्या आधी शिकली होती. आता समोर सगळे ओळखीचे चेहरे दगडासारखे. एकेक वाक्य ती टाकत होती आणि ते जमिनीवर पडत होतं. पुन्हा केलं. पुन्हा केलं. आवाज चढवून पाहिला, उतरवून पाहिला, डोळ्यांत पाणी आणून पाहिलं. काही केल्या जीव येईना.

अशाच एका वेळी भाषण संपता संपता पहिल्या बाकावरून हळू पण खणखणीत आवाज आला, "येशू रे, तिला सांभाळ."

सगळ्या चर्चनं खाली पाहिलं. सिस्टर पिंकनींनी पंखा तोंडावर धरला. कारण आमच्याकडं हे कधी म्हणतात, तर पास्टर भरकटला की, नाहीतर गाणाऱ्याचा सूर सुटला की. वाईट कुणाला बोलायचं नाही, देवाच्या स्वाधीन करायचं. जाहीर पंचाईत म्हणतात ती हीच.

ऑरिन मात्र हरखून गेला. "किती सुंदर, मदर टॉलिव्हर. आईचा आशीर्वाद. फक्त मनातल्या मनात द्याल का?"

डीकन हबर्डना खोकल्याची उबळ आली आणि ते बाहेर गेले ते बराच वेळ आत आलेच नाहीत. इमोजीनचे कान मात्र तापले होते.

जेवणाची सुट्टी झाली. सगळे तळघरातल्या हॉलमध्ये गेले, चर्चच्या बायकांनी तळलेलं चिकन आणि मक्याचा पाव मांडला होता. ऑरिन इमोजीनला जिन्यात गाठून उभा राहिला. त्याला बोलायचं जिवावर आलं होतं.

"निर्मात्यांचा फोन होता. आज नाही झालं तर पुन्हा इथं येता येणार नाही. ते म्हणतात, भाषण डेस्मंडला देऊ." डेस्मंड रूक्स म्हणजे सिनेमातला पास्टर, मोठा नट, पोस्टरवर त्याचा चेहरा असला की तिकिटं खपतात. "डेस्मंड बोलेल, आणि तुम्ही बाकावर बसून ऐकाल."

"आणि करू काय बाकावर बसून?"

ऑरिननं नजर चुकवली. "ते म्हणाले, टॉलिव्हरबाईंना रडायचं चांगलं जमतं."

इमोजीन काही बोलली नाही. न बोलण्यावरच तर तिनं इतकी वर्षं काढली होती. टोप आवळत होता तेव्हा बोलली नाही. वाक्यं कापली तेव्हा बोलली नाही. मेकअपवाल्यांकडं तिच्या रंगाचं काही नसायचं, तर स्वतःचा डबा पिशवीत घालून न्यायची आणि हसून सांगायची, असू द्या हो. 'टॉलिव्हरबाईंची कटकट नाही' अशी तिची ख्याती होती, आणि त्या धंद्यात काळ्या बाईला अर्धी कामं त्या ख्यातीवरच मिळतात. म्हणून गप्प बसायची. आणि आता गप्प बसल्यामुळं हातातला एकुलता एक सिनेमा निघून चालला होता.

ती ताट घेऊन आईजवळ गेली.

"बसू का?"

"बस. उभं राहून काही उजेड पाडला नाहीस."

"आई, सगळ्यांदेखत 'तिला सांभाळ' म्हणालीस तू."

"मग काय म्हणू? चर्चमध्ये बसून खोटं बोलू?" आईनं चिकनचा तुकडा तिच्या ताटात सरकवला. "खा. मला सांग, तू मागत कुणाकडं होतीस?"

"चर्चकडं."

"छट. त्या काळ्या यंत्राकडं मागत होतीस. ते काय देतंय डोंबल."

"अगं, तुम्ही सगळे पुतळ्यासारखे बसलात, मी बोलू कुणाशी?"

"आम्हाला गप्प बसवलं तेव्हा तू कुठं होतीस? तिथंच होतीस ना? तुला ठाऊक होतं हे चालायचं नाही. त्या पोराला ठाऊक नव्हतं, त्याला कशाला दोष देऊ. मी एवढी तोंडाळ, आणि माझ्या पोटी ही मुकी कुठून आली कोण जाणे."

इमोजीनला राग आला. खरा राग, ताट बाजूला सारण्याइतका. आणि सगळ्यात जास्त राग याचा की म्हातारी बरोबर बोलत होती. ती तशीच उठली आणि ऑरिनसमोर जाऊन उभी राहिली. हात तिनं लव्हीच्या एप्रनमध्ये खुपसले.

"हे बघ ऑरिन, एकदाच करू. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये थांबवायचं नाही. आणि यांना बोलू द्यायचं."

ध्वनिमुद्रण करणारा माणूस कपाळावर हात मारून म्हणाला, "मॅडम, त्यांचे आवाज तुमच्यावर पडणार. सगळा काला होईल."

"नाही पडणार. ही माणसं माझ्या शब्दावर बोलत नाहीत, श्वासावर बोलतात. आयुष्यभर तेच करत आली आहेत. बाकांखाली माइक लावा."

"आणि गोष्टीत ते घाबरलेले आहेत, त्याचं काय?" ऑरिननं विचारलं.

"घाबरलेली माणसं तर जास्तच बोलतात, बाळा. आणि हे जमलं नाही तर भाषण डेस्मंडला दे. मी बाकावर बसून रडेन, एक शब्द बोलणार नाही."

ऑरिननं तिच्याकडं पाहिलं. टॉलिव्हरबाईंची कटकट तो पहिल्यांदाच बघत होता, आणि त्याला ती आवडली असावी. "माइक लावा," तो म्हणाला.

खिडक्यांतून दुपारचं पिवळं ऊन बाकांवर आलं होतं. इमोजीन उभी राहिली. या वेळी तिनं कॅमेऱ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ती हळूच म्हणाली, "मी काही भाषण करणारी बाई नाही. मी मक्याचा पाव भाजणारी बाई."

"आम्हाला ठाऊक आहे तू काय रांधतेस ते," मागून कुणीतरी म्हणालं, आणि चर्चभर हसू पसरलं. इमोजीनला बळ आलं.

तिनं मुलांची नावं घेतली, एकेकाची. प्रत्येक नावाला बाकांवरून हुंकार येत होता, अगदी तिनं श्वास घेतला की. कुलूप कसं लागलं ते सांगितलं. "सांग," डीकन हबर्ड म्हणाले. पोरं कुलपासमोर डबे घेऊन कशी उभी राहिली ते सांगितलं. "अरेरे देवा." मध्येच पुढचं वाक्य तिच्या डोक्यातून साफ उडालं. सकाळी असं झालं असतं तर ती मेलीच असती. आता मागून एक म्हातारा आवाज आला, "सावकाश, पोरी, सावकाश." कुणी बाई हलकेच गुणगुणायला लागली. इमोजीन त्या सुरावर थांबली, श्वास घेतला, आणि वाक्य आपल्या पायांनी चालत परत आलं.

"खाली हॉल रिकामा आहे," ती शेवटी म्हणाली. आवाज चढवला नाही. "आठवड्यातले सहा दिवस तिथं नुसत्या खुर्च्या बसतात. माझी मुलं रस्त्यावर आहेत. मी तुमच्याकडं आजवर कधी काही मागितलं नाही. मला कधी मागता आलंच नाही. आज मागते. त्यांना आत घ्या."

कधी काही मागितलं नाही, मागता आलंच नाही, ही दोन वाक्यं कागदावर नव्हती. ती कुठून आली हे इमोजीनलाही कळलं नाही.

आता पटकथेप्रमाणं डेस्मंड रूक्सनं उठून म्हणायचं होतं, सिस्टर लव्ही, हे आम्हाला जमणार नाही. तो उठला. तोंड उघडलं. तेवढ्यात पहिल्या बाकावर काठी वाजली आणि मदर कॅली टॉलिव्हर, गुडघे दुखतात म्हणून स्तोत्रालाही बसून राहणारी, सरळ उभी राहिली.

"आणा मुलांना," ती म्हणाली.

सिस्टर पिंकनी उठल्या. डीकन हबर्ड उठले. "आणा. आत आणा." मग बाकांमागून बाकं उठली, सगळं चर्च उभं राहिलं, टोप्या, पंखे, काठ्या आणि रडणं-हसणं. डेस्मंड बिचारा तोंडात नकार धरून त्या सगळ्यांकडं बघत राहिला, मग त्यानं बायबल मिटलं आणि चुपचाप खाली बसला.

ऑरिननं बऱ्याच वेळानं कट म्हटलं, तेही कसंबसं. ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं कानावरचं यंत्र काढलं, डोळे पुसले, आणि अंगठा वर केला. सगळं स्वच्छ आलं होतं.

ऑरिन इमोजीनजवळ आला. "भाषण तुमचंच. आता ते कुणी काढून घेऊ शकत नाही." मग तो डोकं खाजवत पहिल्या बाकाकडं वळला. मदर टॉलिव्हर अजून उभीच होती.

"मदर, एक अडचण आहे. शेवटचा तुकडा पुन्हा घ्यावा लागेल. गोष्टीत चर्च तिला नाही म्हणतं. तेव्हा तुम्ही या वेळी बसून राहाल का?"

म्हातारीनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग मुलीकडं पाहिलं, ते भरल्या डोळ्यांनी.

"नाही म्हणायचं होतं," ती म्हणाली, "तर तिनं असं मागायला नको होतं."

ती काही बसली नाही. इमोजीननं पुढं होऊन तिचा हात धरला, आणि ऑरिन पटकथेची पानं घेऊन त्या प्रसंगाचा शेवट नव्यानं लिहायला खाली हॉलमध्ये गेला.